सामना संपल्यावर खेळाडू कसा जोखायचा: एनएफएलच्या नव्या प्रेक्षकांसाठी

शेवटची शिट्टी वाजली की दहा मिनिटांत निकाल लागायला सुरुवात होते. क्वार्टरबॅक (चेंडू फेकणारा, आक्रमणाचा म्होरक्या) संपला, बचाव झोपला, अमक्याला बसवा. एनएफएल ही अमेरिकन फुटबॉलची व्यावसायिक लीग, आणि या खेळात असे घाईचे निकाल फार चुकतात, कारण मैदानावर एका वेळी २२ जण असतात आणि टीव्हीचा कॅमेरा चेंडूमागे धावतो. चेंडूला हातही न लावता सामना फिरवणारे निम्म्याहून जास्त खेळाडू त्या चित्रात धड दिसतही नाहीत. म्हणून सगळी पद्धत एका प्रश्नावर उभी राहते: या स्नॅपवर (चेंडू मागे देऊन सुरू होणारी एक खेळी) या माणसाचं काम काय होतं, आणि ते त्याने केलं का?

उदाहरणासाठी एकच सामना घेऊ. ५ फेब्रुवारी २०१७, ह्यूस्टन, सुपर बोल ५१, म्हणजे लीगचा अंतिम सामना. अटलांटा फाल्कन्स २८–३ असे पुढे होते आणि न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी जादा वेळेत ३४–२८ असा सामना जिंकला. शिकण्यासाठी तो उत्तम आहे, कारण त्यातले आकडे एक सांगतात आणि चित्रफीत दुसरंच.

आधी कागद, मग चित्रफीत

प्रत्येक सामन्यानंतर लीग ‘गेमबुक’ नावाची पीडीएफ काढते. त्यात प्रत्येक खेळीची नोंद असते. शेवटच्या पानांवर कोण किती स्नॅप खेळला याची टक्केवारीही मिळते. नवखे प्रेक्षक हे पान उघडत नाहीत, आणि तिथेच पहिली चूक होते. एका एज रशरला (कडेने क्वार्टरबॅकवर धावून जाणारा बचावपटू) एक सॅक (चेंडू फेकण्याआधी क्वार्टरबॅकला पाडणं) मिळाला आणि दुसऱ्याला एकही नाही, पण पहिला ६० स्नॅप खेळला आणि दुसरा १४, तर ही तुलना होऊच शकत नाही. भागाकार करायला खालचा आकडा हवा, आणि तो या पानावर आहे.

सुपर बोल ५१ मध्ये न्यू इंग्लंडच्या आक्रमणाने ९३ खेळी केल्या, अटलांटाच्या आक्रमणाने फक्त ४६. चेंडू न्यू इंग्लंडकडे ४० मिनिटं ३१ सेकंद होता, अटलांटाकडे २३ मिनिटं २७ सेकंद. चौथ्या क्वार्टरमध्ये अटलांटाचे बचावपटू उशिरा पोचताना दिसतात त्याचं मोठं कारण इथे आहे. त्यांचे पहिले ३० आणि शेवटचे ३० स्नॅप एकाच ओळीत मिसळाल तर अन्याय होईल. मोजा एकाच मापाने, पण दोन वेगळ्या ओळींत लिहा.

याच वेळी कोण जखमी होऊन बाहेर गेलं, कोण त्याच्या जागी आला आणि कितव्या क्वार्टरमध्ये, हेही टिपून ठेवा.

चित्रफीत कुठली आणि केव्हा

टीव्हीवरचं प्रक्षेपण पहिल्यांदा बघताना गुण देऊ नका. मूल्यमापनासाठी प्रशिक्षक वापरतात ती चित्रफीत लागते. तिला ‘ऑल-२२’ म्हणतात, कारण सगळे २२ खेळाडू एका चौकटीत असतात. तिचे दोन कोन असतात. एक बाजूच्या उंचीवरून, त्यात रिसीव्हर (पास झेलणारे) आणि मागचे बचावपटू दिसतात. दुसरा एंड झोनच्या (मैदानाच्या टोकाचा पट्टा) मागून, त्यात दोन्ही लाइन (एकमेकांना भिडणाऱ्या पुढच्या फळ्या) समोरासमोर दिसतात. अमेरिकेत ती एनएफएल प्लसच्या वरच्या वर्गणीत मिळते, अमेरिकेबाहेर गेम पास २०२३ पासून डॅझ्न या स्ट्रीमिंग सेवेवर आहे. ती सामना संपताक्षणी येत नाही, सहसा एक-दोन दिवस जातात.

भारतात बसून बघणाऱ्यांसाठी वेळेचं गणित: रविवारचे दुपारचे सामने सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आपल्याकडे रात्री १०:३० ला सुरू होतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी अमेरिकेतली घड्याळं मागे गेली की ११:३० ला. रविवार रात्रीचा सामना आपल्याकडे सोमवारी पहाटे ५:५० ला, नोव्हेंबरपासून ६:५० ला. पहाटे तीन वाजता अर्धवट झोपेत दिलेला गुण बाद धरा. ऑल-२२ मंगळवारी शांतपणे बघता येते.

चार खेळाडू निवडा, वही आखा

एका संघाचे सामन्यात साधारण ६० ते ७० आक्रमक स्नॅप होतात. ११ खेळाडूंचे सगळे स्नॅप बघायचे म्हटलं तर सातशे नोंदी होतात, आणि पहिल्या आठवड्यातच वही बंद पडते. सुरुवातीला चार खेळाडू पुरेत: क्वार्टरबॅक, लाइनमधला एक, एक कॉर्नरबॅक (कडेच्या रिसीव्हरला रोखणारा बचावपटू), एक बचाव लाइनमधला. एका खेळाडूचे सगळे स्नॅप सलग बघा, मग दुसऱ्याकडे वळा. एकाच स्नॅपवर चौघांकडे बघायला गेलात तर नजर पुन्हा चेंडूकडेच जाते.

वहीत सहा रकाने: क्वार्टर व वेळ, डाउन व अंतर (१० यार्ड पुढे जाण्याच्या चार प्रयत्नांपैकी कितवा आणि किती यार्ड उरलेत), मैदानावरची जागा, काम, गुण, शेरा. गुण तीनच, +१, ० आणि −१. शून्याचा अर्थ ‘काही केलं नाही’ असा नाही; शून्य म्हणजे ‘नेमून दिलेलं काम झालं’. बहुतेक स्नॅपना शून्यच मिळायला हवं. ६० स्नॅपमध्ये ४० पेक्षा कमी शून्यं आली तर हात सैल सुटलाय असं समजा. प्रो फुटबॉल फोकस ही संस्था प्रत्येक खेळीला −२ ते +२ असे अर्ध्या-अर्ध्याच्या पायरीने गुण देते आणि मग ते ० ते १०० च्या पट्टीवर आणते. त्यांच्याकडे प्रशिक्षित माणसं आहेत आणि एकाचं काम दुसरा तपासतो. सुरुवातीला घरी ती बारीक पट्टी वापरू नका. अर्ध्या गुणाचा फरक सातत्याने पकडायला सराव लागतो.

गुणाच्या रकान्यात आणखी एक खूण ठेवा: प्रश्नचिन्ह. सांकेतिक खेळी काय होती हे प्रेक्षकाला माहीत नसतं. दोन बचावपटू एकाच रिसीव्हरच्या मागे गेले आणि दुसरा मोकळा सुटला, तर चूक कोणाची हे बाहेरून बरेचदा कळत नाही. तिथे −१ ठोकण्यापेक्षा प्रश्नचिन्ह प्रामाणिक. सामन्यात अशी आठ-दहा आली तर वही बिघडलेली नाही, नीट भरली जातेय.

क्वार्टरबॅक: रेटिंग कुठे फसवतं

सगळ्यांना तोंडपाठ असलेला आकडा म्हणजे पासर रेटिंग. त्यात चारच गोष्टी असतात: पूर्ण झालेल्या पासचं प्रमाण, प्रत्येक प्रयत्नामागे यार्ड, टचडाउनचं (चेंडू एंड झोनमध्ये पोचवणं) प्रमाण, इंटरसेप्शनचं (पास बचावपटूने पकडणं) प्रमाण. प्रत्येक घटक ० ते २.३७५ मध्ये बसवतात, बेरजेला ६ ने भागून १०० ने गुणतात. म्हणून कमाल १५८.३ येते.

सुपर बोल ५१ मध्ये अटलांटाचा क्वार्टरबॅक मॅट रायनने २३ पैकी १७ पास पूर्ण केले, २८४ यार्ड, २ टचडाउन, एकही इंटरसेप्शन नाही. रेटिंग १४४.१. न्यू इंग्लंडच्या टॉम ब्रेडीने ६२ पैकी ४३, ४६६ यार्ड, २ टचडाउन, १ इंटरसेप्शन. रेटिंग ९५.२. एवढाच कागद पाहिला तर रायन सहज जिंकलेला दिसतो.

आता रेटिंगमध्ये काय नाही ते बघा. सॅक नाही, फंबल (हातातून सुटलेला चेंडू) नाही, पळून काढलेले यार्ड नाहीत, डाउन आणि अंतर नाही, वेळ नाही. रायन ५ वेळा सॅक झाला आणि त्यात ४४ यार्ड गेले. सॅक धरणारं एक साधं सूत्र आहे: यार्ड, अधिक टचडाउनमागे २०, वजा इंटरसेप्शनमागे ४५, वजा सॅकमध्ये गेलेले यार्ड, या सगळ्याला प्रयत्न अधिक सॅक यांनी भागायचं. रायनचे बरोबर १०.० येतात. ब्रेडीही ५ वेळा सॅक झाला, २४ यार्ड गेले, त्याचे ६.५ येतात. म्हणजे सॅक धरूनही रायन पुढेच आहे. हे मान्य केलं पाहिजे: अटलांटाच्या पराभवाचं खापर सरसकट रायनवर फोडणारे चुकतात. सामना फिरला तो मोजक्या स्नॅपवर, आणि ते सरासरीत विरघळून जातात.

चौथ्या क्वार्टरमध्ये सुमारे साडेआठ मिनिटं बाकी असताना अटलांटा २८–१२ पुढे होतं, तिसरा डाउन, १ यार्ड हवा, स्वतःच्या ३६ यार्ड रेषेवर. पास करायचा ठरला. न्यू इंग्लंडचा डोन्टा हायटॉवर बाहेरून आत आला, रायनच्या हातातून चेंडू उडाला, न्यू इंग्लंडने उचलला. तक्त्यात हे रायनचं फंबल म्हणून लागतं. चित्रफीत थांबवून बघा: हायटॉवरला अडवायचं काम रनिंग बॅक (चेंडू घेऊन पळणारा) डेव्होन्टा फ्रीमनकडे होतं आणि तो त्याला अडवू शकला नाही. वहीत नोंद अशी:

क्वा. ४ | ३ रा व १ | अटलांटा ३६ | फ्रीमन: बाहेरून येणाऱ्याला अडवणे | −१ | हायटॉवर मोकळा, चेंडू गेला.

रायनच्या नावावर त्याच स्नॅपला −१ द्यायचा की प्रश्नचिन्ह? त्याला धोका कितपत दिसत होता, चेंडू दोन हातांत होता का, यावर ते ठरतं. हा वाद चित्रफीत पुढे-मागे करून घालण्यासारखा आहे.

पुढच्या ताब्यात मात्र उलट घडलं. हुलियो जोन्सने कडेला अफलातून झेल घेऊन अटलांटाला न्यू इंग्लंडच्या २२ यार्ड रेषेवर आणलं. फील्ड गोलचं (खांबांमधून मारलेली तीन गुणांची किक) अंतर काढायला त्या रेषेत १७-१८ मिळवायचे, म्हणजे साधारण ४० यार्डची किक. तीन गुण मिळाले असते तर आघाडी ११ ची झाली असती. एका धावेत १ यार्ड गेला, मग दुसऱ्या डाउनला न्यू इंग्लंडच्या ट्रे फ्लावर्सने रायनला १२ यार्ड मागे पाडलं. लगेच अटलांटाच्या जेक मॅथ्यूजचं होल्डिंग (समोरच्याला नियमाबाहेर धरून ठेवणं) लागलं आणि आणखी १० यार्ड गेले. शेवटी पंट, म्हणजे लाथेने चेंडू दूर मारून समोरच्या संघाला देऊन टाकणं. इथे क्वार्टरबॅकला −१ देण्यात अडचण नाही. फील्ड गोलच्या टप्प्यात असताना चेंडू बाहेर फेकून देणं हेसुद्धा त्याचं काम होतं.

यावरून क्वार्टरबॅकच्या प्रत्येक पासला विचारायचे प्रश्न निघतात. स्नॅपपासून चेंडू सुटेपर्यंत किती वेळ गेला? मनगटावरच्या घड्याळाने मोजा. अडीच सेकंदांच्या आत दबाव आला तर दोष बहुधा लाइनचा, साडेतीन सेकंद चेंडू धरून बसल्यावर सॅक झाला तर बराचसा क्वार्टरबॅकचा. चेंडू हवेत किती यार्ड गेला, आणि झेलल्यावर रिसीव्हर किती पळाला? ४ यार्डचा पास ६० यार्ड गेला तर त्यातलं क्वार्टरबॅकचं श्रेय वेगळं काढा. इंटरसेप्शन रिसीव्हरच्या हातातून उडून झालं का? आणि बचावपटूच्या हातात पडून सुटलेला पास? तक्त्यात तो नुसता अपूर्ण पास असतो, वहीत तो −१.

निकाल आणि निर्णय वेगळे ठेवा

याच सामन्यातला न्यू इंग्लंडच्या ज्युलियन एडेलमनचा झेल सगळ्यांना आठवतो. अडीच मिनिटांच्या आसपास बाकी, ब्रेडीचा मधोमध पास, अटलांटाचे तीन बचावपटू भोवती. रॉबर्ट ॲल्फर्डने चेंडूला हात लावून तो उडवला, आणि जमिनीपासून काही इंचांवर एडेलमनने पकडला. २३ यार्ड.

एडेलमनला +१, यात शंका नाही. ॲल्फर्डलाही शून्याखाली जाऊ देऊ नका: चेंडूला हात लावणं हेच त्याचं काम होतं आणि ते त्याने केलं. तक्ता मात्र ते २३ यार्ड बचावाच्या नावावर लावणार. ब्रेडीचा पास? तीन जणांच्या गर्दीत टाकलेला, इंटरसेप्ट होऊ शकणारा चेंडू. निकाल उत्तम, निर्णय धोक्याचा. न्यू इंग्लंडच्या चाहत्याला इथे −१ लिहिताना हात जड होईल, तरी लिहावा. याच ॲल्फर्डने दुसऱ्या क्वार्टरमध्ये ब्रेडीचा पास पकडून ८२ यार्ड पळत टचडाउन केला होता. दोन्ही पासमध्ये ब्रेडीने पत्करलेल्या धोक्यात फार अंतर नव्हतं. निकालात मात्र जमीन-अस्मानाचं होतं.

धावा: सरासरी नको, मधला आकडा घ्या

त्या सामन्यात फ्रीमनने ११ धावांत ७५ यार्ड काढले, सरासरी ६.८. त्यातली एक धाव ३७ यार्डची. ती काढली तर १० धावांत ३८, म्हणजे ३.८. मोठी धाव खोटी नसते, पण ‘जमिनीवरचं आक्रमण दिवसभर चाललं’ असा निष्कर्ष तिच्यावरून काढता येत नाही. सगळ्या धावा लहान-मोठ्या क्रमाने लावा आणि मधली बघा.

दुसरं माप यशाचं. पहिल्या डाउनला गरजेच्या ४० टक्के यार्ड, दुसऱ्याला ६० टक्के, तिसऱ्या-चौथ्याला पूर्ण, एवढं मिळालं तर खेळी यशस्वी. तिसरा व ८ असताना ५ यार्डची धाव अपयशी. तिसरा व १ असताना २ यार्डची यशस्वी. क्रिकेटमध्ये शेवटच्या षटकात सहा चेंडूंत चार धावा हव्या असताना काढलेली एक-एक धाव आपण तिच्या वेळेनुसार तोलतो, तसंच हे.

धाव कुठे सुरू झाली तेही बघा. पहिला हात लागण्याआधी ५ यार्ड मिळाले तर ते लाइनचे. हात लागल्यावर मिळालेले ३ रनिंग बॅकचे.

लाइन: इथे सर्वांत जास्त वेळ द्या

पाच जणांची आक्रमक लाइन हा खेळाचा पाया आहे आणि तिच्यासाठी सामन्याच्या तक्त्यात जवळपास काहीच नसतं. एंड झोनचा कोन लावा. एक खेळाडू निवडा, समजा लेफ्ट टॅकल (लाइनच्या डाव्या टोकाचा), आणि चेंडू कुठे गेला ते पाहूच नका. पहिली नजर पायांवर: पाय सतत हलताहेत का, की एक पाय रोवून तो कमरेतून पुढे वाकलाय? वाकला की हरला, पुढच्या अर्ध्या सेकंदात समोरचा त्याला ओलांडतो. दुसरी नजर हातांवर: हात समोरच्याच्या छातीवर आतून लागलेत का, की बाहेरून खांद्याला धरलंय? बाहेरून धरलेला हात म्हणजे होल्डिंगची तयारी. पंचांनी शिट्टी वाजवली नाही तरी हरलेला स्नॅप हरलेलाच लिहा. दंड झाला म्हणून वेगळा −१ नको, तो त्याच चुकीचा परिणाम आहे.

साधारण ३५ पास-ब्लॉकमध्ये टॅकलने दोन दबाव सुटू दिले तर दिवस चांगला, पाच सुटले तर वाईट. दबाव म्हणजे फक्त सॅक नव्हे. क्वार्टरबॅकला धक्का बसणं, घाईने चेंडू सोडावा लागणं, हेही त्यात येतं. ईएसपीएनच्या मापात अडीच सेकंद ब्लॉक टिकवला की तो जिंकला. घरी तेच माप वापरा.

सगळ्यात मोठी फसगत इथेच होते: मोकळा सुटलेला बचावपटू ज्याच्या शेजारून गेला तोच दोषी, असं वाटतं. लाइन अनेकदा एकत्र एका बाजूला सरकते. डावीकडे सरकली असेल तर उजव्या टोकाचा माणूस रनिंग बॅकचा. पाचही जण पहिल्या पावलाला कुठे गेले ते आधी बघा, मग बोट दाखवा.

बचाव

सेफ्टीच्या (सगळ्यात मागचा बचावपटू) नावावर १२ टॅकल (चेंडूवाल्याला पाडणं) दिसले की लोक खूश होतात. त्यातले नऊ स्क्रिमेजपासून (खेळी सुरू होते ती रेषा) ८ यार्ड पुढे झाले असतील तर पुढची फळी फुटली होती आणि तो आग विझवत होता. प्रत्येक टॅकलला जागा लिहा. उलट बाजूला, मधला बचाव टॅकल पूर्ण सामन्यात एकही टॅकल न करता उत्तम खेळू शकतो: दोघांना अंगावर घेऊन त्याने जागा सोडली नाही, म्हणून मागचा लाइनबॅकर मोकळा सुटला. सुपर बोल ५१ मध्ये ग्रेडी जॅरेटने आत खेळून तीन सॅक काढले, हरलेल्या संघाकडून. निकालावरून गुण देणाऱ्याच्या वहीत तो दिसलाच नसता.

कॉर्नरबॅकला गुण देण्याआधी माणूस-बचाव (ठरलेल्या रिसीव्हरला धरून राहणं) होता की जागा-बचाव (मैदानाचा ठरलेला भाग राखणं), ते ठरवा. स्नॅपआधी रिसीव्हर मैदान ओलांडून गेला आणि कॉर्नर त्याच्यामागे गेला, तर बहुधा माणूस-बचाव. कॉर्नरचे डोळे क्वार्टरबॅककडे आणि पाठ कडेच्या रेषेकडे, तर बहुधा जागा-बचाव. कव्हर ३ या जागा-बचावात कॉर्नरकडे मागचा एक तृतीयांश भाग असतो. त्याच्यासमोर ५ यार्डवर झालेला झेल त्याचा दोष नाही. ज्याच्याकडे चेंडू आलाच नाही तो कॉर्नर कदाचित सर्वांत चांगला खेळला असेल. त्याच न्यायाने रिसीव्हर: हुलियो जोन्सकडे चारच पास आले, चारही झेलले, ८७ यार्ड. तो उरलेल्या स्नॅपवर किती वेळा मोकळा होता हे फक्त ऑल-२२ सांगते.

आकडे आता उघडा

वही भरल्यावरच. आधी उघडले तर डोळे आकड्यांना हवं तेच शोधतात. ईपीए म्हणजे खेळीआधी आणि खेळीनंतर संघाला अपेक्षित असलेल्या गुणांतला फरक; डाउन, अंतर, जागा धरलेली असल्याने तो यार्डपेक्षा बराच न्यायी आहे. रायनच्या त्या फंबलचं वजन पासर रेटिंगमध्ये शून्य आहे, ईपीएमध्ये भरपूर. पण ईपीए खेळीचा आहे, खेळाडूचा नाही. तो क्वार्टरबॅकच्या नावावर लावलेला दिसला तरी त्यात अकरा जणांचा वाटा असतो. लीगची नेक्स्ट जेन स्टॅट्स खांद्याच्या पॅडमधल्या चिपवरून सेकंदाला दहा वेळा जागा नोंदवतात, त्यामुळे रिसीव्हर आणि बचावपटूतलं अंतर तिथून घ्या. तुमचा गुण आणि बाहेरचा गुण जिथे फार वेगळे आले तेवढेच स्नॅप पुन्हा बघा.

लाथेचा खेळ विसरू नका. तिसऱ्या क्वार्टरमध्ये स्टीफन गॉस्टकाउस्कीची टचडाउननंतरची जादा गुणाची किक खांबाला लागली आणि न्यू इंग्लंड ९ वर राहिलं. बरोबरीसाठी पुढे त्यांना दोन्ही टचडाउनवर दोन-दोन गुणांचे प्रयत्न करावे लागले. २०१५ पासून ही किक ३३ यार्डची आहे, चुकली तर −१ लिहायला संकोच नको.

रविवारी खेळणाऱ्या संघांचा पहिला दुखापत अहवाल बुधवारी येतो. तुम्ही ज्या टॅकलला पाच −१ दिलेत त्याचं नाव घोट्याच्या दुखापतीसह त्यात दिसलं, तर गुण खोडू नका. शेऱ्याच्या रकान्यात ‘घोटा’ लिहा, आणि त्याचा पाय कितव्या स्नॅपपासून लंगडतोय ते चित्रफितीत शोधा.